अर्धवट अडकलेले कापडी छत हाताने कसे उघडावे?

दक्षिणकसबा (सोलापूर)

नमस्कार. माझ्याकडे बटणाने उघडणाऱ्या कापडी छताची, दोन दरवाजांची आणि चार आसनांची एक जुनी परदेशी गाडी आहे. गाडीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आले की छताचा प्रश्न बाजूला राहतो आणि कोणती कंपनी चांगली यावरच पानेच्या पाने भरतात. एवढे सांगतो की छत हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने हलणारे आहे, पंप डिकीत डाव्या बाजूच्या गालिच्यामागे फोमच्या पेटीत बसवलेला आहे, आणि छत घडी होऊन ज्या खळग्यात जाते त्यावर स्वतंत्र झाकण आहे. गाडी सेकंडहॅंड घेतल्यामुळे तिच्यासोबत माहितीपुस्तक मिळालेले नाही.

पावसाळाभर ती पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवली होती. परतीचा पाऊस पूर्ण उघडल्यावर छताला ऊन दाखवावे म्हणून बटण दाबले, तेव्हा चारही काचा नेहमीप्रमाणे खाली गेल्या, समोरच्या काचेवरील हुक सुटले, छताची पुढची कड दोन बोटे वर उचलली गेली आणि तिथेच थांबली. डिकीत पंपाची घरघर ऐकू येत होती. थोड्या वेळाने तीही थांबली. आता बटण कोणत्याही बाजूला दाबले तरी पंप फिरल्याचा आवाज येतो, पण छत जागचे हलत नाही. समोरच्या पॅनेलवर छताची क्रिया अपूर्ण असल्याची सूचना लागून राहिली आहे आणि काचाही वर जाण्यास तयार नाहीत.

येथील ज्या गॅरेजांत मी विचारले तेथे इंजिनाचे हवे ते काम करू, पण छताला हात लावणार नाही, असे स्पष्ट उत्तर मिळाले. पुण्याला न्यायची तर अडीचशे किलोमीटरचा हमरस्ता आहे आणि छत अशा अवस्थेत असताना गाडी चालवत नेणे मला सुरक्षित वाटत नाही. शिवाय तुळशीचे लग्न झाले की घरात भाच्याचे लग्न आहे, आणि वरात याच गाडीतून, उघड्या छतानिशी निघावी असा माझ्या थोरल्या बहिणीचा आग्रह आहे.

पंप आणि बटण बाजूला ठेवून हे छत हाताने उघडता येते का, आणि येत असल्यास कोणत्या क्रमाने? पुढची कड धरून दोघांनी जोर लावल्यास काय बिघडू शकते? "जोर लावा, सुटेल" असा सल्ला येथे मिळाला आहे, पण मला धीर होत नाही.

पानापक्कड (विजापूर रोड, सोलापूर)

धीर होत नाही हे फार चांगले आहे. पंप थांबला म्हणजे छत मोकळे झाले असे नसते. सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना तेल कोंडलेले असते आणि तेल दाबून आक्रसत नाही, त्यामुळे पुढची कड धरून तुम्ही जो जोर लावाल तो छत हलवण्यात खर्च न होता सांगाड्याच्या सर्वांत नाजूक दुव्यावर जाऊन पडेल. एका बाजूचा दुवा किंचित जरी वाकला, तरी छताच्या दोन्ही बाजू मागेपुढे चालू लागतात, हुक आपापल्या खाचांत बसेनासे होतात, आणि जे काम एखाद्या सीलवर भागले असते ते सांगाडा बदलण्यापर्यंत जाते.

म्हणून प्रथम बटण दाबणे पूर्ण थांबवावे. टाकीत तेल कमी असेल तर पंप कोरडा फिरतो आणि आतून झिजतो. तेल पुरेसे असेल तरी मोटर तापून तिचे संरक्षण तिला बंद पाडते आणि नंतर मूळ दोष कोणता व तापल्यामुळे झालेला कोणता, हे वेगळे काढता येत नाही.

त्यानंतर छत खरोखरच अडकले आहे, की गाडी स्वतःच ते हलवायला नकार देत आहे, हे पाहावे, कारण बाहेरून या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. छताचे कंट्रोल युनिट प्रत्येक टप्प्यावर सेन्सरकडून खात्री करून घेत असते: डिकी पूर्ण लागली आहे का, डिकीतील सामान आणि छताची जागा यांच्यामधला पडदा खाली ओढून अडकवलेला आहे का, बॅटरीत पुरेसा दम आहे का, गाडीचा वेग मर्यादेत आहे का. (ही वेगमर्यादा गाडीगणिक वेगळी असते. ऑडी ए३ कॅब्रिओलेटचे छत ताशी ५० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीत उघडते, मिनी कन्व्हर्टिबलचे ३० पर्यंतच.) यांपैकी एका जरी प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तरी छत जिथे असेल तिथे थांबते. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा कारण निघते ते डिकीतील पडद्याचे. सामान भरताना तो एका टोकाने निसटतो, वरवर अडकल्यासारखा दिसतो, आणि लोक मात्र पंप बदलायला निघतात.

दुसरी शंका बॅटरीची. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ च्या खाली आकडा गेला तर ती निम्म्याहून अधिक उतरली आहे असे समजावे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पंपाची मोटर सुरू होते त्या क्षणी व्होल्टेज इतके कोसळते की कंट्रोल युनिट मध्येच माघार घेते. बॅटरी बाहेरून चार्ज करावी आणि इंजिन चालू ठेवून बटण एकदाच, फक्त आवाज ऐकण्यासाठी दाबावे.

हा आवाज पुष्कळ काही सांगून जातो. बटण दाबल्यावर काहीच ऐकू आले नाही तर दोष बटण, सेन्सर किंवा कंट्रोल युनिटकडे असतो, किंवा वर सांगितलेला नकार असतो. रिलेचा टक असा आवाज आला पण मोटर फिरली नाही तर फ्यूज, रिले, मोटरला येणारा सप्लाय किंवा मोटर स्वतः. डिकीच्या बिजागरीजवळ वायरींचा जो जुडगा दर वेळी वाकतो त्यातली एखादी वायर आतल्या आत तुटलेली असणे, हेही नेहमीचे. मोटर मोकळेपणाने घरघरते पण छत हलत नाही, तेव्हा मात्र गोष्ट तेलाकडे जाते: टाकीत तेल नाही, कुठेतरी गळती आहे, किंवा दाब सोडण्याचा स्क्रू कोणीतरी आधीच ढिला करून ठेवला आहे. तुमचे वर्णन या शेवटच्या प्रकारात बसते.

आता हाताने उघडण्याविषयी. उघडता येते, पण तुमच्या जागी मी असतो तर आधी छत बंद केले असते. झाकण असलेल्या गाडीत उघडण्यासाठी पाच हालचाली एकामागून एक कराव्या लागतात: मागची कमान (छताच्या मागच्या कडेचा आडवा दांडा) उचलणे, झाकण सोडवून मागे उघडणे, कमान पुन्हा खाली घेणे, छताची घडी करून खळग्यात बसवणे आणि झाकण लावणे. बंद करायला तुमच्या अवस्थेत दोनच पुरतात: पुढची कड खाली दाबणे आणि हुक आवळणे. मागची कमान अजून जागेवर आहे आणि झाकण उघडलेले नाही, ही तुमची जमेची बाजू आहे. तिचा लाभ घेऊन गाडी आधी बंदिस्त करावी आणि मग दोष शोधावा.

क्रम असा ठेवावा. गाडी सपाट जागी, वारा नसताना उभी करावी. पूर्वतयारीत काचा खाली असल्याची खात्री करावी, कारण काचा वर असतील तर छताची कड आणि काचेचे रबर एकमेकांवर चढतात. हँडब्रेक ओढून, इग्निशन बंद करून चावी खिशात ठेवावी. काही गाड्यांत इग्निशन बंद केल्यावर काही मिनिटांनी दाब आपोआप उतरतो. म्हणून घाई न करता थोडा वेळ जाऊ द्यावा. मग डिकीतील गालिचा काढून पंपाची फोमची पेटी उघडावी. पंपाच्या धातूच्या अंगावर दाब सोडण्याचा एक लहान स्क्रू असतो. कोणाला ॲलन-कीचे षटकोनी तोंड असते, कोणाला सपाट खाच. तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने साधारण एक ते दीड आटा सोडला की सिलिंडरच्या दोन बाजूंचे तेल एकमेकींकडे जाऊ शकते आणि छत हाताने हलते. तो पूर्ण काढायचा नसतो. प्लॅस्टिकची टाकी पंपाला आवळून धरणारे स्क्रूही शेजारीच असतात, त्यांना हात लावू नये. ते सोडले तर सगळे तेल गालिच्यात.

पुढचे हुक आवळण्याची जागा समोरच्या काचेच्या वर, छतातील दिव्याच्या आसपास, एका लहान प्लॅस्टिकच्या टोपणाखाली असते. त्या टोपणाखाली षटकोनी भोक दिसते. गाडीच्या हत्यारांत त्या मापाची वाकडी किल्ली असते. नसल्यास चांगल्या प्रतीची ॲलन-की चालते. दोघांनी दोन्ही कोपरे एकाच वेळी, तळहाताने दाबून धरावे आणि तिसऱ्याने किल्ली सावकाश फिरवावी. हुक खाचेत शिरताना किल्लीला आधी हलका आणि मग भरीव विरोध जाणवतो. तो आला की थांबावे. ड्रिल मशीन लावून किल्ली फिरवण्याचा मोह टाळावा, आतले दातेरी चाक प्लॅस्टिकचे असू शकते.

एक सूचना अत्यंत गांभीर्याने घ्यावी. दाब सोडल्यानंतर छताला आधार कशाचाच राहत नाही. ते अर्धे उभे असताना स्क्रू सोडला तर ते स्वतःच्या वजनाने खाली येते, आणि बाजूचे दुवे अडकित्त्यासारखे मिटतात. तुमचे छत जवळजवळ बंद असल्याने धोका कमी आहे, तरी बोटे दुव्यांपासून लांब ठेवावीत आणि मुलांना शेडबाहेर ठेवावे.

दुसऱ्या कोणी हे वाचून आपल्या गाडीवर प्रयोग करणार असेल तर एवढे ध्यानात घ्यावे की सगळी छते हायड्रॉलिक नसतात. मिनी कन्व्हर्टिबलच्या ज्या पिढीची विक्री भारतात २०१६ मध्ये सुरू झाली तिचे छत इलेक्ट्रिक मोटरवर चालते. तिच्यात तेलाचा स्क्रू शोधत बसणे व्यर्थ आहे. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या झेड४ मध्ये पंप डिकीत नसून छताच्या खळग्याच्या तळाशी, कोपऱ्यात बसवलेला असतो आणि पाणी वाहून जाण्याचे भोक कचऱ्याने तुंबले की तो पाण्यात बुडतो.

चिंचोळीकर (चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर)

मी उसाच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टर आणि जेसीबी यांच्या हायड्रॉलिक सिलिंडरांचे काम करतो. गाड्यांच्या छताचे सिलिंडर माझ्याकडे फार येत नाहीत, पण तत्त्व तेच आहे, फक्त माप करंगळीएवढे. पानापक्कड यांनी सांगितलेला क्रम योग्य आहे; मी तेलाविषयी भर घालतो.

तेल कमी असेल तर ते कुठेतरी गेलेले आहे. डिकीचा गालिचा, मागच्या आसनाच्या दोन्ही बाजूंचे पॅनेल आणि समोरच्या हुकांच्या वरचे अस्तर हाताने चाचपून पाहावे. पाणी वाळते, तेल वाळत नाही. बोटाला चिकट ओल लागली आणि वास पेट्रोलचा नसून किंचित गोडसर-तेलकट असला, तर तिथेच वर कुठेतरी सिलिंडर किंवा नळीचा जोड आहे असे समजावे. गळती शोधताना पंप चालू असेल तर नळीवरून बोट फिरवू नये. या यंत्रणेत दाब शंभर बारच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो आणि सुईएवढ्या छिद्रातून आलेली तेलाची धार कातडीत शिरते. अशी जखम बाहेरून टिंब दिसते, पण तिच्यासाठी थेट रुग्णालय गाठावे लागते. नळीजवळ पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, धार असेल तर पुठ्ठ्यावर उमटते.

टाकी रिकामी दिसली म्हणून घरात असेल ते तेल ओतू नये, हे कळकळीने सांगतो. ब्रेक ऑइल तर अजिबात नाही. ते ग्लायकॉलचे असते, आणि खनिज किंवा सिंथेटिक हायड्रॉलिक तेलासाठी बनवलेली रबरी सील त्यात फुगून मऊ पडतात. मग एका सिलिंडरऐवजी सगळेच सिलिंडर आणि पंप गळू लागतात. आमच्याकडे जेसीबीत घालतात ते ६८ ग्रेडचे तेलही चालणार नाही, कारण ते फार जाड आहे आणि इतक्या बारीक नळ्यांतून ते हवे त्या वेगाने फिरत नाही. अनेक जर्मन गाड्यांत हिरवट रंगाचे पातळ सिंथेटिक हायड्रॉलिक तेल असते, पण रंगावर जाऊ नये. टाकीवर किंवा टोपणावर जो क्रमांक छापलेला असतो तेच तेल मागवावे. टाकीच्या अंगावर कमी-जास्तच्या दोन रेषा असतात, त्यांच्या मध्ये पातळी ठेवावी. कडेपर्यंत भरू नये, कारण छत हलताना तेल टाकीत परत येते आणि त्याला जागा लागते.

सिलिंडर काढून आणलात तर मी उघडून पाहीन. आतले सील इथे मिळाले नाहीत तरी मापावरून मागवता येतात. सील ज्या भागावर घासते त्यावर ओरखडा असेल तर मात्र नवीन सील टिकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सातरस्ता (सोलापूर)

दोघांनीही चांगले सांगितले आहे, पण मला सगळा खटाटोप अनावश्यक वाटतो. विम्यासोबत रस्त्यावरच्या मदतीची सोय घेता येते. सपाट तळाच्या ट्रकवर गाडी चढवून अधिकृत कार्यशाळेत पाठवावी. तसे करताना छत अर्धवट उघडे असेल तर त्यावर ताडपत्री टाकून दोऱ्या थेट छताला नव्हे, तर गाडीच्या खालच्या भागाला बांधाव्यात. हमरस्त्यावर उलट्या दिशेने येणाऱ्या वाऱ्याने उचललेली कड आणखी उचलली जाते आणि मागची काच, जी कापडाला नुसती चिकटवलेली असते, तिचा जोड सुटतो. वरातीसाठी कोणाची तरी कापडी छताची थार मागून घ्यावी. तिचे छत हाताने काढायचे असल्यामुळे ऐनवेळी रुसत नाही.

पानापक्कड (विजापूर रोड, सोलापूर)

ट्रकवरून पाठवण्यास माझा विरोध नाही, पण ट्रकवर चढवण्यापूर्वीही छताचे हुक आवळलेले असलेच पाहिजेत. म्हणजे हाताने बंद करण्याचे काम दोन्ही मार्गांत आहेच.

दक्षिणकसबा (सोलापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली, तिचा तपशील देतो.

डिकीतील पडदा दोन्ही टोकांनी नीट अडकलेला होता. बॅटरी गाडी बंद असताना ११.९ व्होल्ट दाखवत होती; ती रात्रभर चार्ज केली आणि इंजिन चालू ठेवून बटण दाबले. मोटर मोकळी घरघरली, छत हलले नाही. फोमची पेटी उघडल्यावर दिसले की टाकीतील तेल खालच्या रेषेच्याही खाली गेले आहे. डिकीचा गालिचा कोरडा आहे, पण मागच्या आसनाच्या डाव्या बाजूचे पॅनेल वरच्या कडेला हात लावल्यावर चिकट लागते आणि त्याच्या अस्तरावर बशीएवढा काळसर डाग आहे. उजवी बाजू स्वच्छ आहे.

दाब सोडण्याचा स्क्रू पंपाच्या खालच्या अंगाला, तारांच्या जोडाआड होता; आरसा आणि विजेरी घेतल्याशिवाय तो दिसला नसता. एक आटा सोडल्यावर छताच्या पुढच्या कडेला हात लावला तर ती आधीसारखी ताठ राहिली नाही, सावकाश खाली बसली. मेव्हणे आणि शेजारी यांनी कोपरे दाबले आणि मी किल्ली फिरवली. उजवा हुक लगेच लागला, डावा थोडा मागे होता. डाव्या कोपऱ्यावर थोडा अधिक भार दिल्यावर तोही बसला. किल्लीला भरीव विरोध आल्यावर थांबलो. स्क्रू पुन्हा आवळून इग्निशन लावल्यावर काचा वर गेल्या, सूचना मात्र अजून जात नाही.

आता दोन शंका आहेत. डाव्या बाजूचा मुख्य सिलिंडर गळत असेल तर एकट्या डाव्याचेच सील बदलावे का? आणि ते काम वरातीपूर्वी झाले नाही, तर त्या एका दिवसापुरते छत हाताने उघडणे योग्य ठरेल का?

चिंचोळीकर (चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर)

दोन्ही बाजूंचे करावे. दोन्ही सिलिंडर एकाच वयाचे आहेत आणि त्यांनी सोलापूरचे तेवढेच उन्हाळे काढले आहेत. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत बंद शेडमधल्या गाडीचे रबर कडक होते, आणि महिनोन्महिने न हललेले सील पहिल्याच हालचालीला तेल सोडते. डावे नवीन आणि उजवे जुने असेल तर दोन बाजूंचा वेगही सारखा राहत नाही. सिलिंडर काढताना नळ्यांना वरची आणि खालची अशी खूण करून रंगीत चिकटपट्टी लावावी, नाहीतर परत जोडताना एक बाजू उघडू पाहते आणि दुसरी बंद.

पानापक्कड (विजापूर रोड, सोलापूर)

पॅनेल काढताना मागच्या आसनाच्या परिसरात पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर त्यांना स्पर्श करू नये. पिवळा रंग एअरबॅगसारख्या सुरक्षा यंत्रणांच्या जोडण्यांसाठी वापरतात, आणि अनेक उघड्या गाड्यांत आसनामागे गाडी उलटल्यास झटक्यात वर येणारे दांडे असतात. त्यामुळे तो भाग सोडवण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टर्मिनल काढून काही मिनिटे थांबावे. काचा आणि डिकी त्याआधीच हव्या त्या स्थितीत आणून ठेवाव्यात, नंतर बटणाने काही हलणार नाही.

वरातीविषयी माझे मत असे. हाताने उघडणे शक्य आहे, पण तुमच्या गाडीत ते उघडण्याइतकेच परत बंद करण्याचे काम आहे, आणि ते तुम्हाला मध्यरात्री, दमलेल्या माणसांना हाताशी धरून करावे लागेल. तरीही करायचेच ठरले तर आदल्या दिवशी, उजेडात, निदान चौघे असताना करावे.

स्क्रू सोडून आणि पुढचे हुक मोकळे करून झाल्यावर मागची कमान दोघांनी दोन्ही टोकांनी एकदम उचलावी आणि तिच्याखाली काठी देऊन ती उभी ठेवावी. हातावर तोलून धरू नये. मग झाकण. त्याचे कुलूप काही गाड्यांत डिकीतील ओढण्याच्या तारेने सुटते, काहींत पुन्हा किल्लीने. ते सुटल्याची खात्री होईपर्यंत झाकणाची कड उपसू नये, कारण ते मोठे आणि पातळ असते व मधोमध वाकते. झाकण मागे पूर्ण उघडल्यावर काठी काढून कमान खाली घ्यावी, दोघांनी पुढची कड दोन्ही बाजूंनी सारख्या वेगाने वर आणि मागे न्यावी, आणि तिसऱ्याने आत वाकून कापडाकडे लक्ष ठेवावे. कापड दुव्यांच्या आत, स्वतःच्या जुन्या घडीवर गेले पाहिजे. ते बाहेर फुगलेले दिसले तर थांबून हाताने आत सारावे, नाहीतर पहिल्याच घडीला दुव्यात चिमटून फाटते. कापड ओले असताना घडी करू नये, त्यावर बुरशीचे ठिपके उठतात आणि ते जात नाहीत.

छत खळग्यात बसल्यावर झाकण लावून ते कुलूपबंद झाल्याचे हलवून पाहावे, आणि मग दाबाचा स्क्रू आवळावा. झाकण लागत नसेल तर गाडी गल्लीतसुद्धा चालवू नये. वरातीत बटणाला कोणाचा हात लागू नये म्हणून छताच्या पंपाचा फ्यूज काढून ठेवावा. गर्दीत मागच्या आसनावर उभी राहणारी मुले असतात आणि त्यांचे पाय नेमके झाकणाच्या फटीपाशी असतात. नवरदेवालाही झाकणावर बसू देऊ नये. तेवढ्यासाठीच अनेकांची झाकणे वाकलेली मी पाहिली आहेत.

दिवस हाताशी असतील तर मात्र आधी सिलिंडर चिंचोळीला द्यावेत. जोडून झाल्यावर तेल दोन रेषांच्या मध्यापर्यंत भरावे आणि छत सावकाश काही वेळा पूर्ण उघडून पूर्ण बंद करावे. या फेऱ्यांत नळ्यांतील हवा टाकीत येऊन बाहेर पडते आणि पातळी पुन्हा उतरते, म्हणून ती नंतर पुन्हा पाहावी लागते. काही गाड्यांत ही पातळी छत उघडे असताना मोजतात, काहींत बंद असताना. टाकीवरच्या चिठ्ठीवर तसे चित्र असते. पॅनेलवरची सूचना तोपर्यंत राहिली तर स्कॅनर लावून छताची शून्य स्थिती नव्याने नोंदवून घ्यावी. ते काम अधिकृत कार्यशाळेशिवायही होते, फक्त स्कॅनरमध्ये छताचे मॉड्यूल उघडते का, हे गाडी नेण्यापूर्वी फोनवर विचारून घ्यावे.